पेठांचं रीडेव्हलपमेंट आणि तळमजल्यावरचं दुकान: हा वाद नेमका किती जुना आहे

पुणे महापालिकेच्या सभागृहात मध्यवस्तीचा, म्हणजे जुन्या पेठांचा विषय निघाला की पुढे काय होणार ते साधारण आधीच सांगता येतं. पेठेतले नगरसेवक वाड्यांवर बोलतात, उपनगरातले म्हणतात आमच्याकडे पाणी टँकरने येतंय आणि तुम्ही वाड्यांचं काय घेऊन बसलाय, प्रशासन पार्किंगचे आराखडे दाखवतं, आणि शेवटी सगळे मिळून अतिक्रमण खात्यावर तुटून पडतात. दुकानदारांचं नाव निघतं, नाही असं नाही, पण ते कुठे तर वाहतूक कोंडी नाहीतर अतिक्रमण या विषयात. धंदा म्हणून त्यांच्याकडे बघणारं कुणी फारसं बोलताना दिसत नाही. हे असं का झालं ते कळायला जरा मागे जायला लागतं, आणि चांगलंच मागे.

मुळात या पेठा वसल्याच व्यापारासाठी. पेशवाईत पेठ वसवायची म्हणजे एखाद्या वजनदार माणसाला शेटेपणाचं किंवा महाजनकीचं वतन (पेठेच्या व्यापाराचा कारभार बघायचा वंशपरंपरागत हक्क) द्यायचं, त्याने व्यापारी आणि कारागीर आणून बसवायचे, आणि त्यांना सुरुवातीची काही वर्षं करात सूट मिळायची. रास्ते सरदारांची रास्ता पेठ, नाना फडणवीसांची नाना पेठ, या अशाच उभ्या राहिल्या. म्हणजे आधी धंदा येऊ द्या मग वस्ती आपोआप येते हे तेव्हाच्या कारभाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. वाड्यांची रचनाही तशीच, रस्त्याच्या अंगाला दुकानाचे खण, आत चौक, वर राहायच्या खोल्या. बोहरी आळी, तांबट आळी, बुरुड आळी, कुंभारवाडा, एकेका बोळात एकेक धंदा, आणि त्यातले बरेच अजून तिथेच आहेत, कसेबसे का होईना.

त्यानंतरची मोठी गोष्ट म्हणजे मंडई. आधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरायचा. तो नीट छपराखाली न्यायचा म्हणून नगरपालिकेने शुक्रवार पेठेत मोठी दगडी इमारत बांधायची ठरवली, आणि तेव्हा नगरपालिकेत सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला. गावातल्या गोरगरीब मुलांच्या शिक्षणाला पैसे नाहीत आणि मंडईच्या इमारतीला आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. इमारत अर्थात झालीच, १८८६ मध्ये उघडली, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणून. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं गेलं. ज्या माणसाने त्या खर्चाला विरोध केला त्याचंच नाव त्या इमारतीला, हे फक्त पुण्यातच होऊ शकतं. पण गंमत सोडा, महत्त्वाचं हे की बाजारासाठी इमारत बांधणं म्हणजे बाजाराला मदत करणं का, हा प्रश्न या शहरात तेव्हाच विचारून झालाय. आणि तो फुल्यांनी विचारला, जे स्वतः कंत्राटदारीच्या धंद्यात होते, म्हणजे बांधकामाचा हिशोब त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार या नदीकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे पाण्यात बसले. त्या पुरावर भरपूर लिहून झालंय, त्यामुळे लांबण लावत नाही, एवढंच की पूरग्रस्तांची वस्ती गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशी बाहेर गेली, आणि दुकानाच्या वरच राहणारं गिऱ्हाईक लांब जाऊन पडलं. सणासुदीला लोक लक्ष्मी रोडला येत राहिले, पण रोजचं किराणा-दूध-पिठाची गिरणी हे गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच.

पण पेठांची आजची अवस्था झाली त्यात पुरापेक्षा भाडे कायद्याचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत ते बरोबरच होतं, फक्त ते उठवायचं कुणाला जमलं नाही. मालकाला महिन्याला जे भाडं मिळायचं त्यात कौलंसुद्धा बदलून होत नव्हती, म्हणून तो डागडुजी करेना, भाडेकरू म्हणे वाडा माझा नाही मी का करू, आणि या रस्सीखेचीत वाडा मात्र दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली बसत गेला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली (गोठलेल्या रकमेवर चार टक्के म्हणजे किती ते तुम्हीच बघा), पागडीला (जागा भाड्याने घेताना द्यायच्या एकरकमी पैशाला) कायदेशीर केलं, आणि एक कोटी किंवा जास्त भागभांडवल असलेल्या कंपन्या, बँका वगैरेंचं संरक्षण काढून घेतलं. म्हणजे संरक्षण उरलं ते छोट्या दुकानदाराला. ऐकायला फार छान. पण त्याचा दुसरा अर्थ असा की पेठेतला छोटा धंदा टिकलाय तो धंद्याच्या जोरावर किती आणि जुन्या भाड्याच्या जोरावर किती हे कुणालाच धड सांगता येत नाही, दुकानदारालाही नाही. वाडा पडला की ते भाडं गेलं, आणि मग खरा हिशोब सुरू होतो.

मधल्या काळात घाऊक बाजारही उठला. भाजीचा आणि भुसारचा घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. ते योग्यच झालं म्हणा, ट्रक भवानी पेठेच्या बोळात किती दिवस घालणार. पण घाऊकवाल्याच्या आजूबाजूला जे जगत होते, पोती शिवणारे, हमाल, तराजू दुरुस्तीवाले, चहाच्या टपऱ्या, त्यांचं पुढे काय झालं याची नोंद कुठल्याच आराखड्यात नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण महापालिका कुणाचं ऐकते हे तिचा गल्ला कुठून भरतो त्यावर ठरतं. कित्येक दशकं पुणे महापालिकेचं मुख्य उत्पन्न जकात होतं, शहरात माल आला की नाक्यावर पैसे. व्यापारी जकातीला शिव्या घालायचे ते वेगळं, पण शहरात व्यापार चालला तर पालिकेला पैसा मिळत होता. एप्रिल २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, लक्ष्मी रोड दिवसा शटर पाडून बसलेला त्या वेळी सगळ्यांनी पाहिलाय. ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींच्या खालच्या उलाढालीला एलबीटी माफ झाला, आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो विषयच संपला. व्यापारी खूश झाले. पण त्या दिवसापासून पालिकेचा आणि दुकानाच्या गल्ल्याचा थेट संबंध तुटला. आता राज्याकडून ठरलेलं जीएसटी अनुदान येतं, बाकी मोठं उत्पन्न मिळकतकर आणि बांधकाम परवानगीची शुल्कं. म्हणजे बोहरी आळीत विक्री किती झाली यापेक्षा तिथे बांधकाम किती मंजूर झालं यात पालिकेला जास्त रस असणार, आणि यात कुणाचा वाईट हेतू शोधायची गरजच नाही, जिथून पैसे येतात तिथे लक्ष जातं.

या सगळ्यावर डीपी, म्हणजे शहराचा विकास आराखडा. जुन्या हद्दीचा डीपी १९८७ ला मंजूर झाला, त्याच्यानंतरचा २००७ पासून २०२७ पर्यंतचा म्हणून करायला घेतला, तो सभागृहात इतका लांबला की मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने ताब्यात घेतला, आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. वीस वर्षांचा आराखडा, आणि त्यातली दहा वर्षं तो मंजूर व्हायलाच गेली. मग २०२० च्या शेवटी राज्यासाठी एकच बांधकाम नियमावली आली, आणि पेठांमधल्या छोट्या, चिंचोळ्या प्लॉटवर साईड मार्जिन म्हणजे बाजूची मोकळी जागा सोडायची म्हटलं तर बांधायला उरतं काय यावरून वाड्यांची प्रकरणं अडकली. शनिवारवाड्याजवळ राहणाऱ्यांचं तर अजून वेगळं, स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीमुळे केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून शंभर मीटरमध्ये नवं बांधकामच करता येत नाही आणि त्याच्या पुढच्या दोनशे मीटरला परवानगीची भानगड. दुरुस्ती करता येते, तीही परवानगीनेच.

एफएसआय (प्लॉटवर किती बांधायचं त्याचं प्रमाण), टीडीआर (दुसरीकडचा बांधकामाचा हक्क इथे वापरणं), मार्जिन यावर सभागृहात तासन्‌तास बोललं जातं. जे बोललं जात नाही ते म्हणजे तळमजल्यावर काय होतं. नियमाप्रमाणे नव्या इमारतीला पार्किंग द्यायलाच लागतं, प्लॉट लहान असला की ते तळमजल्याशिवाय कुठे देणार, आणि रस्त्याला लागून असलेली जी जागा शंभर-दीडशे वर्षं दुकानाची होती तिथे खांब आणि स्कूटर येतात. समोर एखाद-दुसरं दुकान निघतं, पण आधी चार खण असतील तर चौघांना पुन्हा तशीच जागा मिळेलच असं नाही. वर राहणाऱ्या भाडेकरूला नवा फ्लॅट मिळतो, तोपर्यंत डेव्हलपर भाडं देतो, तो कुठेही राहू शकतो. दुकानाचं तसं नसतं हो. दोन-तीन वर्षं दुसरीकडे बसलं की गिऱ्हाईक दुसरीकडे लागतं, उधारी बुडते, कामगार सोडून जातो, आणि परत येईपर्यंत शेजारच्या इमारतीत त्याच मालाचं मोठं शोरूम उघडलेलं असतं.

तांबट आळीत जाऊन बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते समजेल. तांब्याचं भांडं आकाराला आलं की त्यावर मठारकाम करतात, म्हणजे हातोडीने एकाशेजारी एक ठोके देत अख्खं अंग टिपत जायचं. ठोका जरा इकडेतिकडे पडला तर भांड्यावर दिसतो. त्याने भांडं बळकट होतं, आणि ते चमकतं ते त्या ठोक्यांमुळे. हे काम जमिनीवर बसून, पक्क्या तळावर, भट्टीजवळ होतं आणि त्याचा आवाज अख्ख्या आळीत जातो. आता हे तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेत करा म्हटलं तर? वरचा शेजारी पहिल्या दिवशी सोसायटीत तक्रार देईल आणि त्याचंही बरोबरच असेल. स्टीलने या लोकांचं अर्धं काम नेलं, उरलेलं फर्निचरच्या प्लॅनसारख्या काढलेल्या नकाशांनी जाईल. नकाशात कमर्शियल म्हणून गाळा दाखवलेला असतो, पण भट्टी आणि ठोके बसतील असा गाळा मी तरी कुठल्या ब्रोशरमध्ये पाहिला नाही.

स्मार्ट सिटीच्या वेळी काय झालं तेही आठवायला हवं. डिसेंबर २०१५ मध्ये जनरल बॉडीत, म्हणजे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत, त्यावर रात्रीपर्यंत घमासान चर्चा झाली, स्वतंत्र कंपनी केल्यावर नगरसेवकांचे अधिकार राहणार का हा मुख्य मुद्दा होता, उपसूचनांसकट मंजूर झालं, आणि जानेवारी २०१६ ला देशात पुण्याचा दुसरा नंबर आला. पेढे वाटले. पण खास विकासासाठी भाग निवडला तो औंध-बाणेर-बालेवाडी. मध्यवस्तीला त्यातलं काय आलं तर थोडे ॲप आणि बोर्ड. मार्च २०१८ मध्ये रस्त्यावर पे अँड पार्कचं धोरण आलं, एवढा विरोध झाला की पाच रस्त्यांपुरतं छाटून मंजूर केलं, आणि त्या पाच रस्त्यांवरही ते उतरलं नाही. व्यापाऱ्यांचा त्याला विरोध होता, आणि इथे मला व्यापाऱ्यांचं पटत नाही. लक्ष्मी रोडला दुकानासमोर दिवसभर उभी असलेली बरीचशी गाडी दुकानदाराची किंवा त्याच्या माणसाचीच असते, गिऱ्हाईकाची नसते. ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रोडचा तुकडा गाड्यांना बंद ठेवतात तेव्हा फिरून बघा, गर्दी काही कमी नसते.

फेरीवाल्यांचं एक बरं आहे की २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना निदान सर्वेक्षण, प्रमाणपत्र, आणि नगर पथविक्रेता समितीत निवडून जाणारे चाळीस टक्के प्रतिनिधी एवढं तरी कागदावर दिलं. अंमलबजावणीवर बोलायला नको, पण कागद आहे. वाड्यातल्या भाडेकरू दुकानदाराला तसा कागद नाही. तो मालक नाही म्हणून डेव्हलपरच्या टेबलावर शेवटचा, आणि फेरीवाला नाही म्हणून कायद्याच्या बाहेर.

भिडेवाड्यात हे सगळं एका जागी दिसलं. १८४८ ची मुलींची शाळा जिथे सुरू झाली तो बुधवार पेठेतला वाडा, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हावं यात दुमत असायचं कारण नाही, माझंही नाही. पण खाली भाडेकरू दुकानं होती आणि मामला वर्षानुवर्षं कोर्टात चालला, हायकोर्ट, मग नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्ट, आणि डिसेंबरात एका रात्रीत ताबा घेऊन वाडा उतरवला. दुकानदार स्मारकाच्या आड येणारे म्हणून खलनायक ठरले. ते कुठे जाणार हे सुरुवातीलाच ठरवलं असतं तर स्मारकाची इतकी वर्षं वाचली असती, हे म्हणायची तेव्हा कुणाची टाप नव्हती.

मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं आयुक्तच प्रशासक होते. त्या काळात, सप्टेंबर २०२४ मध्ये, कसबा पेठ आणि मंडईची भुयारी मेट्रो स्थानकं सुरू झाली, म्हणजे पेठांच्या बाजारावर गेल्या कित्येक वर्षांत सगळ्यात जास्त परिणाम करणारी गोष्ट घडली तेव्हा तिच्यावर बोलायला निवडून आलेलं एकही माणूस सभागृहात नव्हतं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर आता नगरसेवक परत आलेत (तेच सभागृह, ज्याच्या उद्‌घाटनाच्या दिवशी २०१८ मध्ये छतातून पाणी गळलं होतं), म्हणून हा विषय परत तापणार. मेट्रोने गर्दी येते, तुळशीबागेला तर फायदाच आहे, कानातलं आणि टिकल्यांची पाकिटं पर्समध्ये मावतात. पण बोहरी आळीत पंधरा लिटरचा कुकर आणि पत्र्याची कोठी घेतलेला माणूस मेट्रोने जात नाही, त्याला टेम्पो लागतो, टेम्पोला उभं राहायला वीस मिनिटं लागतात, आणि ती वीस मिनिटं कुठल्या रस्त्यावर, कुठल्या वेळात द्यायची हे अजून कुणी ठरवलेलं नाही. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांची यादी निघते, महापालिका कायद्याच्या कलम २६४ च्या नोटिसा लागतात. त्या वाड्यांच्या तळमजल्यावर कोणते धंदे आहेत, त्यात किती माणसं कामाला आहेत, याची यादी मात्र मी कधी बघितलेली नाही, आणि ती करायला कुठल्या नवीन कायद्याची गरज नाही, क्षेत्रीय कार्यालयाचा एक माणूस आणि वही पुरेल.