बर्लिनचे आठ खांब आणि बार्सिलोनाचे आठ

सपाट छप्पर, जमिनीपासून वरपर्यंत काच, अधिक चिन्हासारखा छेद असलेले पोलादी खांब, आणि तेही मोजून आठ. फोटो बर्लिनच्या ‘नॉय नॅशनलगॅलरी’ या कलासंग्रहालयाचा की स्पेनमधल्या ‘बार्सिलोना पॅव्हिलियन’ या प्रदर्शन-मंडपाचा, अशी गल्लत सहज होते. दोन्हींचा वास्तुकार एकच, मीस व्हॅन डर रोह (बार्सिलोनात त्यांच्या सहकारी लिली राइश यांचाही मोठा वाटा). पण दोन इमारतींमध्ये जवळजवळ चाळीस वर्षं आहेत. त्याहून मोठा फरक म्हणजे एक दुरुस्त केलेली अस्सल वास्तू आहे, तर दुसरी नव्याने उभारलेली.

आधी खांब बघा. बार्सिलोनात ते आत आहेत, बारीक आणि आरशासारखे चकचकीत. छताचा भार ते पेलतात, म्हणून गोमेदी आणि संगमरवरी भिंती हव्या तिथे उभ्या करता आल्या. बर्लिनमध्ये खांब काचेच्या बाहेर, छपराच्या कडेला, प्रत्येक बाजूला दोन. कोपऱ्यात एकही नाही! छप्पर 64.8 मीटर लांब-रुंद चौरस, दोन खांबांत 28.8 मीटर अंतर, म्हणजे कोपऱ्याकडे दोन्ही बाजूंनी 18 मीटर छप्पर अधांतरी. खांब वर जाताना किंचित निमुळता होतो आणि छपराशी त्याची गाठ पडते ती एका छोट्या सांध्यावर. एवढं अवजड पोलाद त्या चिमुकल्या सांध्यावर टेकलंय, हे डोळ्यांना पटकन पटत नाही. हे छप्पर जमिनीवर जोडून एप्रिल 1967 मध्ये हायड्रॉलिक जॅकने एका दिवसात उचललं. 81 वर्षांचे मीस ते बघायला हजर होते. संग्रहालय 1968 मध्ये उघडलं, पुढच्या वर्षी मीस वारले.

पॅव्हिलियन म्हणजे बार्सिलोनातल्या 1929 च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातला जर्मनीचा स्वागतकक्ष. तिथे चित्रं लावायचीच नव्हती, त्यामुळे तो निर्धास्त सुंदर आहे. बर्लिनला मात्र कलाकृती ठेवायच्या होत्या, आणि वरच्या दालनाला भिंतच नाही. म्हणून कायमचा संग्रह तळघरात, वर बदलती प्रदर्शनं. संग्रहालय म्हणून हे अडचणीचंच आहे, मीस यांचे चाहते काहीही म्हणोत.

आता मूळ आणि नवं. पॅव्हिलियन 1930 मध्येच उतरवला गेला. आज दिसतो तो 1983 ते 1986 दरम्यान, त्याच जागी, जुनी रेखाटनं आणि कृष्णधवल फोटो बघून बांधलेला. बांधणाऱ्यांनी तो टिकेल याची काळजी घेतली. मूळ खांबांना क्रोमचा मुलामा होता, नवे स्टेनलेस स्टीलचे आहेत. थोडक्यात, 1929 च्या पाहुण्यांनी पाहिला त्यापेक्षा तो जास्त पक्का आहे.

बर्लिनमध्ये उलट पेच. इमारत उभी होती, पण काचा तडकत होत्या, थंडीत आतल्या हवेतली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन साचायची, काँक्रीट खराब झालं होतं. 2015 ला संग्रहालय बंद झालं. वास्तुकार डेव्हिड चिपरफील्ड यांच्या कार्यालयाने सुमारे 35,000 भाग सोडवले, प्रत्येकाची नोंद केली, दुरुस्त केले आणि शक्य तितके जिथल्या तिथे परत बसवले. क्लोकरूम आणि दुकान जुन्या साठवणीच्या जागेत गेलं, नवी साठवण बाहेरच्या चौथऱ्याखाली. ऑगस्ट 2021 मध्ये दारं पुन्हा उघडली.

सगळ्यात अवघड निर्णय काचेचा होता. दुहेरी इन्सुलेटेड (मध्ये पोकळी ठेवून थंडी अडवणारी) काच बसवली असती तर पाणी साचण्याचा प्रश्न बराचसा मिटला असता. पण तिच्या वजनाला आणि जाडीला चौकटी जाड कराव्या लागल्या असत्या, आणि बाहेरून दिसणारी ती सडपातळ रेघ गेली असती. त्यामुळे थर चिकटवलेली, जास्त मजबूत, पण एकेरीच काच आली. पाणी कमी होईल, पूर्ण थांबणार नाही, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. मला हा निर्णय पटतो. वीजबिल भरणाऱ्याला पटेलच असं नाही.