पुलाला छप्पर कशाला?

अमेरिकेतल्या छपरावाल्या लाकडी पुलांचे फोटो कुणी टाकले की खाली ठरलेल्या कॉमेंट येतात, घोडे पाणी बघून बिचकू नयेत म्हणून, बर्फ साचू नये म्हणून, नाहीतर थेट भुताटकी. बर्फाचं तर उलटंच होतं, घसरगाड्या चालाव्यात म्हणून लोक हिवाळ्यात मुद्दाम बर्फ आणून पुलात पसरायचे!

पेनसिल्व्हेनियात मॅकॉनल्स मिल नावाचं स्टेट पार्क आहे, तिथे स्लिपरी रॉक क्रीकच्या काठी जुनी पिठाची गिरणी आणि तिला लागूनच १८७४ चा असा पूल.  पण मला पूलच जास्त आवडतो.

छप्पर असतं ते पुलाचं लाकूड कोरडं राहावं म्हणून, कारण लाकूड नुसत्या पाण्याने कुजत नाही, बुरशीने कुजतं. ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं, पेशींच्या पोकळीत सुटं आणि पेशीभित्तीत सेल्युलोजला चिकटलेलं. वाळताना आधी सुटं जातं. पोकळ्या रिकाम्या पण भिंती अजून भरलेल्या, ही पातळी कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांवर येते, आणि कुजवणाऱ्या बुरशीची एन्झाइम्स पसरायला सुटं पाणी लागतं, म्हणून त्याच्या वर ती माजते आणि २० च्या खाली जवळजवळ गप्प बसते. वर छप्पर, बाजूला फळ्या आणि वारा खेळता असला की लाकूड २० च्या खाली राहतं, एवढंच.

आता हा पूल 'हाउ ट्रस' नावाच्या सांगाड्याचा, म्हणजे तिरप्या लाकडांवर दाब आणि उभ्या लोखंडी सळ्यांवर ताण. लाकूड आकसून सैल झालं तर नट आवळायचे. पण पाणी नेमकं लाकडाच्या कापलेल्या टोकातून सगळ्यात जास्त शिरतं आणि सगळे सांधे टोकांनाच. खालच्या फळ्या कुजल्या तर बदलता येतात, सांधा गेला तर पूलच गेला.

पूर्ण बुडालेलं लाकूडही टिकतं, कारण बुरशीला ऑक्सिजन मिळत नाही. 'जांभळाचं लाकूड टाकीत टाका, पाणी शुद्ध होतं' वाला व्हॉट्सॅप फॉरवर्ड जुन्या विहिरींच्या तळाचं लाकूड पुरावा म्हणून दाखवतो, पण ते टिकलं यात पाणी शुद्ध झाल्याचा पुरावा कुठे आहे?

छप्पर असूनही धोका राहतो तो दोन्ही काठांवर, जिथे तुळया दगडी बांधकामावर टेकतात तिथे माती नि पाला साचून ओल धरतो, तेव्हा पूल बघायला गेलात तर आधी तिथे वाकून बघा.