कूस बदलण्यामागचे विज्ञान

परिचर्येच्या शिक्षणाला जोडून विद्यापीठाची स्वतंत्र संशोधन संस्था असावी, असे म्हटले की सांगली-मिरजेकडच्या चांगल्या शिकलेल्या माणसांनाही प्रश्न पडतो, की डॉक्टरांनी सांगितलेले औषध द्यायचे, सलाइन लावायचे, ताप मोजायचा, यात संशोधन करण्यासारखे काय आहे? मिरज शतकाहून अधिक काळ दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते, कराडच्या कृष्णा अभिमत विद्यापीठात परिचर्येची स्वतंत्र विद्याशाखा आहे, आणि तरीही हा समज या भागात टिकून आहे. तो किती अपुरा आहे हे कळण्यासाठी एकच विषय नीट पाहिला तरी पुरे: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाड, खुबा, टाच अशा दबलेल्या जागी पडणारी जखम, म्हणजे शय्याव्रण किंवा रोजच्या बोलण्यातला बेडसोर. ही जखम टाळण्याचे काम मुख्यतः परिचारिकेच्या, आणि रुग्ण घरी आल्यावर घरच्या माणसांच्या हातात असते.

आपल्या त्वचेला आणि स्नायूंना रक्त पोहोचते ते केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांतून. युजीन लँडिस या शास्त्रज्ञाने 1930 साली माणसाच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत सूक्ष्म काचनळी घालून आतला दाब मोजला, तेव्हा तो धमनीकडच्या टोकाला पाऱ्याच्या सुमारे 32 मिलिमीटर आणि शिरेकडच्या टोकाला सुमारे 12 मिलिमीटर भरला. दंडावर मोजतो त्या 120 च्या रक्तदाबापुढे हा आकडा फारच लहान आहे. माणूस उताणा पडतो तेव्हा माकडहाड आणि टाचा, कुशीवर असतो तेव्हा खुबा, अशा मोजक्या ठिकाणी शरीराचा भार एकवटतो आणि तिथला दाब या आकड्याच्या कितीतरी वर जाऊ शकतो. ठिबकच्या नळीवर पाय पडला की पुढच्या झाडाला पाणी जात नाही, तसेच इथे पुढच्या पेशींचा प्राणवायू तुटतो. निरोगी माणसाला झोपेतही ही अडचण जाणवते आणि तो नकळत कूस बदलतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या, पक्षाघात झालेल्या किंवा भूल दिलेल्या रुग्णात एकतर ती जाणीव मेंदूपर्यंत पोहोचत नाही किंवा मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत जात नाही.

दाबाइतकाच काळही महत्त्वाचा असतो. मायकेल कोसियाक यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेल्या कुत्र्यांवरील प्रयोगांत असे दिसले, की जास्त दाब थोडा वेळ आणि कमी दाब बराच वेळ, या दोन्हींनी ऊतींची हानी होते. पुढच्या संशोधनाने यात आणखी एक गोष्ट जोडली, आणि मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ती हीच. रक्त तुटल्याने पेशी मरायला काही तास लागतात. परंतु हाड आणि गादी यांच्यामध्ये चेपलेल्या स्नायूपेशींचा आकारच जर फार बिघडला, तर पेशीला आतून आधार देणारा प्रथिनांचा सांगाडा मोडतो, पेशीपटलाची गाळणी बिघडते आणि रक्तपुरवठ्याची वाट न पाहता कमी वेळातच पेशी मरू लागतात. हा ताण हाडाला चिकटून असलेल्या खोल थरात सर्वाधिक असतो आणि स्नायू त्वचेपेक्षा नाजूक असतो, त्यामुळे काही जखमा आतून सुरू होतात. वरची कातडी अखंड दिसत असताना खाली स्नायू मेलेला असू शकतो. त्यात उशाकडची बाजू उंच केली आणि रुग्ण हळूहळू खाली घसरला, तर हाड सरकते पण कातडी चादरीला धरून राहते, आणि मधल्या वाहिन्या ताणून पिळल्या जातात. म्हणूनच जेवण भरवणे, श्वासाचा त्रास यांसारखे कारण नसेल तर उशाकडची बाजू 30 अंशांहून उंच ठेवू नये, असे परिचारिकांना शिकवले जाते.

या जखमेला मागल्या जन्मीचे भोग म्हणणारे आणि तिच्यावर अंगारा लावणारे लोक आपल्याकडे आजही आहेत. त्याने जखम भरत नाही, उलट जंतुसंसर्गाची भर पडू शकते. एखादी महाग हवेची गादी घेतली की कूस बदलण्याची गरजच उरत नाही, हा विक्रेत्यांचा दावाही तितकाच फसवा आहे. लाल झालेला भाग जोराने चोळणे आणि माकडहाडाखाली मध्ये भोक असलेली गोल उशी ठेवणे, हे प्रेमाने केले जाणारे दोन्ही उपाय आज निषिद्ध मानले जातात. चोळल्याने आधीच दुखावलेल्या ऊतींवर आणखी ताण येतो आणि गोल उशीच्या कडेवर दाब एकवटतो.

कोणता रुग्ण धोक्यात आहे हे ओळखण्याच्या पद्धती परिचारिकांनीच शोधल्या. डोरीन नॉर्टन यांनी सहकाऱ्यांसह 1962 साली वृद्ध रुग्णांच्या अभ्यासातून एक मोजपट्टी मांडली. पुढे बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी संवेदना, ओलावा, हिंडणे-फिरणे, अंथरुणात हालचाल, पोषण आणि घर्षण अशा सहा बाबींना गुण देणारी मोजपट्टी तयार केली. तिच्यात 6 ते 23 गुण मिळतात आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त.

दर दोन तासांनी कूस बदलायची, हा नियमही तपासला गेला आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका आणि कॅनडातील चाचणीत वृद्धांच्या शुश्रूषागृहांतील 942 जणांचे दोन, तीन आणि चार तासांचे गट पाडले होते, आणि जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ते सर्वजण दाट फोमच्या गादीवर झोपत होते. वाळवा-तासगावच्या किंवा पाटण-कोरेगावच्या घरात दबून कडक झालेल्या कापसाच्या गादीवर किंवा खाटेवर अंथरलेल्या वाकळेवर पडलेल्या रुग्णाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

धोक्याच्या पहिल्या खुणेचेही तसेच आहे. लाल झालेल्या जागी बोट दाबून उचलल्यावर ती जागा पांढुरकी झाली नाही, तर इजा सुरू झाली असे पुस्तकात लिहिलेले असते. ही खूण गोऱ्या कातडीवर सहज दिसते. सावळ्या कातडीवर लाली आणि पांढुरकेपणा दोन्ही झाकले जातात. तिथे आजूबाजूच्या भागाशी तुलना करून ऊब, कडकपणा, सूज आणि दुखरेपणा हाताने तपासावा लागतो. आपल्या भागातल्या रुग्णांत यांपैकी कोणती खूण सर्वांत आधी आणि सर्वांत भरवशाने मिळते, कापसाच्या गादीवर माकडहाडाखाली प्रत्यक्ष किती दाब पडतो, आणि रात्री एकटीच जागी असलेली सून किती तासांच्या अंतराने सासऱ्यांना वळवू शकते, हे मोजण्यासाठी वॉर्ड आणि घर दोन्हीकडे जाणाऱ्या, संख्याशास्त्र शिकलेल्या परिचारिका लागतात.