खाऱ्या वाऱ्यातला स्लॅब

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या असंख्य घरांची कौलं आणि पत्रे उडाले. तेव्हापासून किनाऱ्यावर एक समज आणखी घट्ट झाला आहे : कौलारू घर कच्चं, स्लॅबचं घर पक्कं. वादळात स्लॅब उडत नाही, हे खरंच. पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घराला रोज गाठ पडते ती मिठाशी, आणि निष्काळजीपणे ओतलेला स्लॅब मिठापुढे एका पिढीच्या आतच हात टेकतो. सिमेंटची भट्टी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला तापवावी लागते, शिवाय चुनखडी भाजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो तो वेगळाच. म्हणून दर पंचवीस-तीस वर्षांनी पाडून पुन्हा बांधावं लागणाऱ्या घरावर कितीही सोलर पॅनेल बसवले, तरी ते पर्यावरणपूरक म्हणायला मी तयार नाही.

चांगल्या काँक्रीटमध्ये लोखंड खरं तर सहसा गंजत नाही. सिमेंट आणि पाण्याच्या अभिक्रियेत चुना तयार होतो, त्यामुळे काँक्रीटच्या बारीक छिद्रांतल्या पाण्याचा सामू (पीएच) साडेबारा-तेरापर्यंत जातो. इतक्या अल्कधर्मी पाण्यात सळईवर ऑक्साइडचा अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो आणि आतलं लोखंड सुरक्षित राहतं. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पृष्ठभागावर बसतं. त्यातले क्लोराइड आयन, म्हणजे मिठातल्या क्लोरीनचे विद्युतभारित कण, ओलाव्यातून आत सरकत राहतात आणि सळईपाशी पुरेसे जमले की हा थर एखाद्या ठिकाणी फोडतात. तेवढ्या जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरू लागतात. सुटलेले इलेक्ट्रॉन सळईतूनच शेजारच्या शाबूत भागाकडे वाहतात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्याशी मिळून हायड्रॉक्साइड बनवतात. थोडक्यात, एकाच सळईत एक विद्युतघट सुरू होतो. धनाग्र, म्हणजे गंजणारी जागा, टिचभर आणि ऋणाग्र, म्हणजे शाबूत भाग, लांबलचक. त्यामुळे गंज एकाच जागी खोल उतरतो.

या सगळ्यात क्लोराइड खर्च होत नाही. लोखंडाशी जोडलेलं क्लोराइड पाण्याशी अभिक्रिया होताच पुन्हा सुटतं आणि जाताजाता त्या खड्ड्यातलं पाणी आम्लधर्मी करतं. मग तेच आयन पुढच्या अणूंना भिडतात. म्हणून आत थोडंसंच मीठ शिरलं असलं तरी ते वर्षानुवर्षं काम करत राहतं.

गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असतं. काँक्रीट दाबाला दणकट, पण ताणाला त्याची ताकद जेमतेम दहाव्या हिश्शाची. त्यामुळे आधी छताला सळईच्या रेषेत तांबूस डाग येतो, मग बारीक चीर जाते, मग पोपडा सुटतो. पोपडा पडण्याआधी तिथे हातोडीने हलकेच ठोकलं तर आवाज पोकळ येतो. अशा घराला वास्तुदोष आहे, शांत करा, दरवाजा फिरवा, असं सांगणारे लोक भेटतात. त्यात घरमालकाचे पैसे जातात आणि दुरुस्तीची मोलाची वर्षंही जातात, याचा मला मनापासून राग येतो.

पोपडा पडला तेवढ्याच जागी गिलावा मारला, तर दोन-तीन पावसाळ्यांत शेजारचा भाग सुटतो. दोष गवंड्याला दिला जातो, पण कारण त्याच विद्युतघटात आहे. गंजणारी जागा इलेक्ट्रॉन पुरवून शेजारच्या सळईला वाचवत होती. ती जागा दुरुस्त झाली की शेजारचं संरक्षण जातं, आणि तिथे क्लोराइड तर आधीच साठलेलं असतं. म्हणून खारावलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडून काढावं लागतं. काही ठिकाणी सळईला जस्ताचे तुकडेही जोडतात. लोखंडाऐवजी जस्त झिजतं.

हे सगळं टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण, साइटवरच्या भाषेत ‘कव्हर’. क्लोराइड आत शिरतं ते विसरणाने, म्हणजे जिथे ते जास्त आहे तिथून कमी असलेल्या भागाकडे हळूहळू पसरत, आणि विसरणात अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण चौपट लागतो. २० मिलिमीटर पार करायला दहा वर्षं लागत असतील, तर तशाच काँक्रीटमध्ये ४० मिलिमीटरला चाळीस लागतील. काँक्रीटसाठीच्या भारतीय मानक ४५६ मध्ये सौम्य हवामानासाठी किमान २० मिलिमीटर कव्हर आहे, किनारी हवेसाठी ४५ आणि काँक्रीट किमान एम-३० या ताकदीच्या प्रतीचं. प्रत्यक्षात सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅब ओतण्यासाठी बांधलेल्या फळ्यांवर, सळ्यांखाली खडीचे तुकडे सरकवले जातात. काँक्रीट ओतताना माणसं सळ्यांवरून ये-जा करतात, तुकडे निसटतात आणि सळ्या फळ्यांना टेकतात. ठरावीक जाडीचे सिमेंटचे कव्हर ब्लॉक तारेने बांधायला खर्च किरकोळ येतो.

पाणी आणि वाळूचंही तेच. आरसीसीसाठीच्या, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटसाठीच्या, पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालतं. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे १९,००० असतं. न धुतलेली खाडीची रेती किंवा मे महिन्यात मचूळ झालेल्या विहिरीचं पाणी वापरलं, तर मिठाला बाहेरून आत यायचीही गरज उरत नाही. स्लॅग सिमेंट इथे उपयोगी पडतं. पोलाद कारखान्यातल्या मळीमुळे, म्हणजे स्लॅगमुळे, छिद्रं बारीक होतात, थोडं क्लोराइड बांधलं जातं आणि भट्टीत भाजायचा मालही कमी लागतो. मात्र त्यावर पाणी जास्त दिवस मारावं लागतं.

भिंतींसाठी कोकणात जांभा दगड आहे, त्याचे चिरे कापून वापरतात. त्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. म्हणजे त्यातलं लोखंड निसर्गाने आधीच गंजवून ठेवलेलं आहे, फुगायला काही शिल्लक नाही. मिठाचे स्फटिक चिऱ्याचा पृष्ठभाग थोडा झिजवतात, पण भिंत आतून फुटत नाही. मात्र चिरेखाणींनी सडे, म्हणजे जांभ्याची पठारं, पोखरले जातात, म्हणून पडक्या घराचा चिरा पुन्हा वापरणं उत्तम.

छपराच्या बाबतीत, योग्य उताराच्या छपरावर वाऱ्याचा वर खेचणारा जोर सपाट पत्र्यापेक्षा कमी पडतो. पण वासे भिंतीत पक्के जखडायला हवेत आणि वळचणीची कौलं तारेने बांधायला हवीत. जस्त चढवलेल्या पट्ट्या आणि तारही खाऱ्या हवेत कधीतरी गंजणारच. पण ती उघड्यावर असतात, गंज डोळ्यांना दिसतो आणि पावसाळ्याआधी शिडी लावून बदलता येतात. स्लॅबच्या पोटातली सळई तशी बदलता येत नाही.