तोटी आवळणे आणि रांगेत मागे सरकवणे: ‘अनलिमिटेड’ डेटा दोन प्रकारे कसा मंदावतो

पुण्यातल्या एखाद्या ग्राहकाने दिवसाला दीड जीबीचे रिचार्ज केलेले असते. संध्याकाळी सातच्या सुमारास डेटा पूर्ण वापरल्याचा मेसेज येतो आणि त्यानंतर व्हॉट्सॲपवर आलेला साधा फोटोही उघडता उघडत नाही. रात्री बारा वाजून गेले की तोच फोन पुन्हा पळू लागतो. न्यू जर्सीत शिकणाऱ्या त्याच्या मुलीची तक्रार वेगळी असते. तिच्या बिलावर ‘अनलिमिटेड’ असे लिहिलेले आहे, डेटा संपल्याचा मेसेज आलेला नाही, फोनवर रेंज पूर्ण दिसते, तरीही संध्याकाळी गर्दीच्या रेल्वे स्थानकावर नकाशा उघडत नाही आणि घरी पोचल्यावर काहीही न करता सगळे सुरळीत होते. दोघेही फोनवर एकमेकांना एकच वाक्य सांगतात, ‘कंपनीने स्पीड कमी केला.’ वाक्य दोघांचेही खरे आहे, पण त्यामागच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत: त्या नेटवर्कमध्ये निरनिराळ्या ठिकाणी घडतात, त्यांची कारणे निराळी आहेत आणि त्यांवरचे उपायही निराळे आहेत.

पहिल्या प्रकाराला थ्रॉटलिंग म्हणतात आणि दुसऱ्याला डिप्रायॉरिटायझेशन. दुसरा शब्द जिभेवर इतका अडखळतो की ग्राहक सोडाच, ग्राहकसेवेतली माणसेही तो टाळतात, आणि गोंधळाचे निम्मे मूळ तिथेच असावे. या लेखापुरते आपण पहिल्याला तोटी आवळणे आणि दुसऱ्याला रांगेत मागे सरकवणे म्हणू.

तोटी आवळण्याचा हिशेब सरळ आहे. तुम्ही किती डेटा वापरला याची मोजणी टॉवरवर होत नाही, ती कंपनीच्या मध्यवर्ती नेटवर्कमध्ये होते, आणि ठरलेली हद्द ओलांडली की तिथूनच तुमच्या जोडणीवर कमाल वेगाची मर्यादा बसते. त्यानंतर तुम्ही गावाबाहेरच्या रिकाम्या टॉवरखाली एकटे उभे राहिलात तरी फरक पडत नाही, कारण टॉवरजवळ कितीही जागा मोकळी असली तरी तुमच्यापर्यंतचा प्रवाह आधीच बारीक केलेला असतो. भारतात हा प्रकार सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली तेव्हा मोफत वेलकम ऑफरमध्येही दिवसाला ४ जीबीनंतर वेग १२८ केबीपीएसवर येत असे, आणि १ जानेवारी २०१७ पासून ही हद्द दिवसाला १ जीबीवर आणण्यात आली. पुढे हद्दीनंतरचा वेग बहुतेक पॅकमध्ये ६४ केबीपीएस इतका खाली गेला.

या ६४ केबीपीएसचा अर्थ एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. केबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला फक्त ८ किलोबाइट. या वेगाने १ एमबीचा फोटो उतरवायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. कोणी फोन चोवीस तास अखंड चालू ठेवून एक क्षणही वाया न घालवता डेटा ओढला, तरी दिवसभरात जेमतेम ६९० एमबी हाती लागेल. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये हद्दीनंतर मिळणारा हा ‘अमर्यादित’ डेटा गणिताने मूळ दीड जीबीच्या निम्म्याहूनही कमी भरतो. सेवा बंद झालेली नसते, त्यामुळे ‘अनलिमिटेड’ हा शब्द अक्षरशः खोटा ठरत नाही. मात्र उरलेल्या सेवेचा उपयोग मजकुराचे मेसेज आणि अगदी हलकी पाने यांपलीकडे होत नाही.

रांगेत मागे सरकवण्याची रीत याहून सूक्ष्म आहे. एका टॉवरखाली असलेले सगळे फोन त्या टॉवरच्या हवेतल्या जागेत वाटेकरी असतात, आणि फोरजीमध्ये टॉवर दर मिलिसेकंदाला ठरवतो की या क्षणी कोणाला किती वाटा द्यायचा. हे ठरवताना प्रत्येक जोडणीला दिलेला दर्जा पाहिला जातो, ज्याला फोरजीच्या भाषेत क्यूसीआय म्हणतात. व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच होणाऱ्या कॉलचा आवाज क्यूसीआय १ या वरच्या दर्जात जातो, कारण बोलणे तुटून चालत नाही. सर्वसाधारण डेटा ८ किंवा ९ यांसारख्या खालच्या दर्जांत बसतो. महिन्याची ठरलेली हद्द ओलांडलेल्या ग्राहकाला कंपनी एक पायरी खाली उतरवू शकते. त्याच्यावर वेगाची कोणतीही मर्यादा घातलेली नसते. टॉवरखाली गर्दी नसेल तर त्याला पूर्वीइतकाच वेग मिळतो. गर्दी झाली की मात्र वरच्या दर्जाच्या लोकांचे भागल्यावर जे उरेल ते त्याच्या वाट्याला येते.

त्र्यंबकेश्वरला सशुल्क दर्शनाची रांग वेगळी असते. श्रावणातल्या सोमवारी धर्मदर्शनाच्या रांगेत तासन्तास जातात आणि शेजारची रांग झपाझप पुढे सरकते; एखाद्या आडवारी दुपारी गेलात तर दोन्ही रांगांतली माणसे जवळजवळ एकाच वेळी गाभाऱ्यापाशी पोचतात. धर्मदर्शनाच्या रांगेतल्या माणसाला कोणी हळू चाल म्हणून सांगितलेले नसते. त्याचा उशीर गर्दीवर अवलंबून असतो. न्यू जर्सीतल्या मुलीला स्थानकावर जाणवला तो हाच उशीर, आणि घरी पोचताच तो नाहीसा झाला याचे कारण तिचा दर्जा बदलला हे नसून घराजवळच्या टॉवरखाली रांगच नव्हती हे होते.

हा फरक केवळ तांत्रिक नाही, हे अमेरिकेतल्या दोन प्रकरणांवरून दिसते. एटी अँड टी या कंपनीने पहिल्या आयफोनबरोबर अनलिमिटेड डेटाचा प्लॅन दिला होता. जून २०१० मध्ये नव्या ग्राहकांसाठी तो बंद झाला, पण जुन्यांना तो चालू ठेवण्याची मुभा मिळाली, आणि पुष्कळांनी केवळ त्या एका सवलतीसाठी कंपनी सोडली नाही. २०११ पासून कंपनीने याच जुन्या ग्राहकांपैकी जास्त वापर करणाऱ्यांची तोटी आवळायला सुरुवात केली. ग्राहकहिताचे रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१४ मध्ये दावा दाखल केला. त्यातल्या आरोपानुसार काही ग्राहकांचा वेग महिन्याला अवघे २ जीबी वापरल्यावर कमी करण्यात आला, ही कपात अनेकदा ८० ते ९० टक्के इतकी होती, आणि किमान ३५ लाख ग्राहकांवर मिळून अडीच कोटींहून अधिक वेळा ती लादली गेली. आयोगाच्या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा होता की ही कपात करताना त्या वेळी नेटवर्कवर गर्दी आहे की नाही हे पाहिलेच जात नव्हते. नेटवर्कवरचा ताण सांभाळणे हे कारण पुढे केले जात असेल, तर मध्यरात्री मोकळ्या टॉवरखालीही तोच मंद वेग का, या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

खटला लांबला, कारण दूरसंचार कंपनीवर कारवाई करण्याचा अधिकार या आयोगाला आहे का, यावरच वाद झाला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाच्या पीठाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या विस्तारित पीठाने तो फिरवला. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि वेग किंवा डेटाच्या प्रमाणाबद्दल दावा करताना त्यावरची बंधने ठळकपणे सांगण्याचे बंधन कंपनीवर आले. दरम्यान २०१५ मध्येच कंपनीने आपली रीत बदलली होती: हद्द २२ जीबीपर्यंत वाढवली आणि त्यानंतरचा वेग फक्त गर्दीच्या ठिकाणी व गर्दीच्या वेळी कमी होईल असे जाहीर केले. म्हणजे तोटी सोडून तिने रांग स्वीकारली.

रांग न्याय्य असली तरी ती लपवून चालत नाही, हे दुसऱ्या प्रकरणात दिसले. टी-मोबाइल आणि तिचीच मेट्रोपीसीएस यांचा ‘टॉप ३ टक्के’ नावाचा नियम होता, ज्यानुसार सर्वाधिक डेटा वापरणाऱ्या ३ टक्के ग्राहकांना गर्दीच्या वेळी मागे सरकवले जाई. त्या वेळी ही हद्द महिन्याला १७ जीबी होती. दूरसंचाराचे नियमन करणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ऑक्टोबर २०१६ मध्ये या नियमाची पुरेशी माहिती न दिल्याबद्दल कंपनीशी ४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड केली, त्यात ७५ लाख डॉलरचा दंड होता. मागे सरकवणे बेकायदा आहे असे आयोगाने म्हटले नाही. ग्राहकाला ते आधी सांगितले गेले नाही, यावर त्याचे बोट होते. या नियमातली टक्केवारीची भाषा मला स्वतःला खटकते. जीबीतली हद्द निदान पाळता तरी येते, पण सगळ्यांनीच वापर निम्म्यावर आणला तरी ‘सर्वाधिक वापरणारे ३ टक्के’ उरतातच. पुढच्या वर्षी या कंपनीने हद्द ५० जीबी केली.

दोन्ही गोष्टींची सहज गल्लत व्हावी असे एक प्रकरण ऑगस्ट २०१८ मध्ये पुढे आले. कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो कॉम्प्लेक्स वणव्यावर सँटा क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाने एक समन्वय वाहन पाठवले होते, आणि त्याची इंटरनेट जोडणी व्हेरायझनची होती. प्लॅन अनलिमिटेड होता, मात्र २५ जीबीनंतर वेग कमी होत असे. दलाचे प्रमुख अँथनी बोडेन यांनी न्यायालयात दिलेल्या निवेदनानुसार वेग पूर्वीच्या दोनशेव्या भागावर किंवा त्याहूनही खाली गेला आणि वाहनाचे काम जवळपास ठप्प झाले. दलाला महागडा प्लॅन घ्यावा लागला. आणीबाणीत मर्यादा उठवण्याचे आपलेच धोरण पाळले गेले नाही, ही चूक कंपनीने नंतर मान्य केली. वणव्यामुळे नेटवर्कवर गर्दी झाली आणि तिच्यात अग्निशमन दल मागे पडले, असा समज होणे सोपे आहे. प्रत्यक्षात तिथे रांगेचा संबंधच नव्हता. महिन्याच्या मोजणीने तोटी आवळली होती. टॉवरवर तातडीच्या सेवांना कितीही पुढचा दर्जा दिला, तरी मागून येणारा प्रवाहच बारीक असेल तर त्या दर्जाचा काही उपयोग होत नाही.

भारतात आपण तोटीला सरावलो आहोत, पण रांगेचा प्रश्न एकदा आपल्या दारीही आला होता, तोही उलट्या दिशेने. इथे जास्त वापरणाऱ्याला मागे ढकलण्याऐवजी जास्त पैसे देणाऱ्याला पुढे घेण्याची कल्पना होती. एअरटेलने ४९९ रुपये आणि त्यावरील पोस्टपेड ग्राहकांसाठी प्लॅटिनम नावाने फोरजीत प्राधान्य देऊ केले, आणि व्होडाफोन आयडियाच्या रेडएक्स प्लॅनमध्ये अधिक वेगाचे आश्वासन होते. जुलै २०२० मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने दोन्ही कंपन्यांना असे प्लॅन थांबवायला सांगितले आणि विचारले, की हे प्राधान्य बाकीच्या ग्राहकांची सेवा खालावून दिले जाणार नाही कशावरून? व्होडाफोन आयडिया दूरसंचार लवाद टीडीसॅटकडे गेली, तिथे तिला अंतरिम दिलासा मिळाला, आणि पुढच्या महिन्यात ट्रायने तिला कारणे दाखवा नोटीस बजावली. ट्रायचा प्रश्न बिनतोड होता, कारण टॉवरच्या हवेतली जागा वाढत नसताना एकाला पुढे घेणे म्हणजे दुसऱ्याला मागे सारणेच असते. तोटीच्या बाबतीत हे घडत नाही. तुमची तोटी आवळल्याने शेजाऱ्याचा वेग कमी होत नाही, झाला तर थोडा वाढतो. घरच्या तारजोडणीच्या ब्रॉडबँडसाठी ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्येच हद्दीनंतरचा किमान वेग ५१२ केबीपीएस ठरवून दिला. मोबाइलवरचे ६४ केबीपीएस त्याच्या आठव्या हिश्शाचे आहेत.

आपल्या फोनवर यांपैकी काय घडते आहे हे ओळखायला वेगाची चाचणी एकदा करून भागत नाही, ती निदान तीन वेळा करावी लागते: एकदा संध्याकाळच्या गर्दीत, एकदा पहाटे त्याच जागी आणि एकदा दूरच्या वेगळ्या टॉवरखाली. तिन्ही वेळा आकडा जवळपास तोच, आणि तोही ०.०६ एमबीपीएससारखा ठरावीक आला, तर तोटी आवळलेली आहे. पहाटे ४० आणि संध्याकाळी १ असा खेळ दिसला, तर रांगेचा संशय घ्यावा. मात्र नुसता टॉवर तोकडा पडत असेल तरीही संध्याकाळी वेग कोसळतो, म्हणून त्याच जागी, त्याच वेळी, त्याच कंपनीच्या दुसऱ्या आणि अधिक महागड्या प्लॅनवरच्या फोनवर चाचणी करावी. तो फोन वेगाने चालत असेल तर तुमचा दर्जा खालचा आहे. तोही रखडत असेल तर दोघेही एकाच रांगेत आहात आणि दोष टॉवरचा आहे.

उपायही यावरूनच ठरतात. तोटी आवळली असेल तर डेटा व्हाउचर घेणे किंवा मोजणी शून्यावर येईपर्यंत थांबणे एवढेच हाती असते. जागा बदलून काही होत नाही. रांगेत मागे असाल तर जागा किंवा वेळ बदलली तरी काम होते, वायफाय मिळाल्यास प्रश्नच मिटतो. अमेरिकेत पहिल्यांदा जाणारे विद्यार्थी पुष्कळदा स्वस्त सिम निवडतात, आणि इथे एक गोष्ट त्यांनी जाणून घेतलेली बरी. स्वतःचे टॉवर नसलेल्या आणि मोठ्या कंपनीच्या टॉवरवर चालणाऱ्या स्वस्त ब्रँडच्या अनेक प्लॅनमध्ये ग्राहकाचा डेटा पहिल्या दिवसापासूनच मागच्या रांगेत असतो. त्यासाठी कोणतीही हद्द ओलांडावी लागत नाही. प्लॅनच्या बारीक अक्षरांत गर्दीच्या वेळी वेग तात्पुरता कमी होऊ शकतो असे म्हटले असेल तर ती रांग आहे, आणि अमुक जीबीनंतर अमुक केबीपीएस असा आकडा दिला असेल तर ती तोटी. काही प्लॅनमध्ये ही दोन्ही वाक्ये एकाखाली एक छापलेली सापडतात.