बुडीत मजुरी आणि मानधन

हौशी खेळाडू पैशांसाठी संपाची भाषा करू लागले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: हौस म्हणायची आणि पैसेही मागायचे, हे कसे? या आक्षेपात दोन वेगळे पैसे एकत्र कालवलेले असतात. एक, खेळापायी खाडा पडून बुडालेल्या कमाईची भरपाई. दुसरा, खेळण्याचाच मोबदला. आपल्याकडे नागपुरात दोन्हींना सर्रास ‘मानधन’ म्हटले जाते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

हिंगणा एमआयडीसीत रोजंदारीवर जाणारा एखादा कबड्डीपटू घ्या. समजा त्याची रोजी 600 रुपये आहे आणि महालातल्या चिटणीस पार्कवरील स्पर्धेमुळे त्याचे तीन दिवस कामावर खाडे झाले. त्याचे 1800 रुपये बुडाले. बसभाडे आणि गुडघ्याची पट्टी वेगळीच. आयोजकांनी हे 1800 रुपये दिले, तर त्याची कमाई होत नाही, फक्त खड्डा बुजतो. कुपोषित बालकाबरोबर दवाखान्यात राहणाऱ्या आईला सरकारी योजनेतून जी ‘बुडीत मजुरी’ मिळते, तिच्याच जातीचे हे पैसे आहेत. मात्र त्याच संघातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याची रोजी बुडालेली नसल्याने, त्याने सर्वाधिक गुण मिळवले तरी, या हिशेबात त्याच्या वाट्याला बसभाड्यापलीकडे काही येत नाही. मानधनाचे गणित उलटे असते: ते खाड्यावरून नव्हे, खेळावरून ठरते, म्हणून नावाजलेला चढाईपटू जास्त मागू शकतो. तेव्हा पाकिटावर काय लिहिले आहे ते न पाहता रक्कम कशावरून काढली, एवढेच विचारावे. (व्हाउचरवर ‘प्रवासखर्च’ लिहून सगळ्यांच्या हाती सारखीच गोल रक्कम ठेवलेली मी पाहिली आहे, तिला यांपैकी कोणतेच नाव शोभत नाही.)

इंग्लंडमध्ये याच भेदावरून रग्बी दुभंगली. उत्तरेकडील संघांत गिरण्या-खाणींतले कामगार असत आणि सामन्यासाठी त्यांची मजुरी बुडे. ती भरून देण्याचा प्रस्ताव इंग्लंडच्या रग्बी संघटनेने 1893 मध्ये फेटाळला. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड येथे उत्तरेतील क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि बुडीत मजुरी मान्य केली. मात्र 1898 मध्ये त्यांनी खेळण्याचा मोबदलाही खुला केला, तेव्हा ‘बोट दिले की मनगट धरतील’ ही विरोधकांची धास्ती अगदीच खोटी नव्हती, हे मान्य करावे लागते.

आयर्लंडमध्ये 2007 साली गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या तिथल्या पारंपरिक मैदानी खेळांच्या हौशी खेळाडूंच्या संघटनेने मतदान घेतले, तेव्हा सुमारे 95 टक्के मते संपाच्या बाजूने पडली. त्यांना सरकारी अनुदान हवे होते. विरोधकांना त्यात मागच्या दाराने येणारा पगार दिसत होता. अखेर तडजोड झाली आणि संप टळला.

‘संप’ हा शब्दही इथे सैलच वापरला जातो, कारण हौशी खेळाडूला मालक नसतो आणि त्याने मैदानात न उतरणे हा खरे तर बहिष्कार ठरतो. त्याआधी मागणीच्या अर्जातून ‘मानधन’ हा शब्द काढून खाड्याचे दिवस, रोजी आणि बसभाडे असे तीन रकाने आखून पाहावेत. मग आयोजकांना हौसेवर व्याख्यान देता येणार नाही, त्यांना आकड्यांवरच बोलावे लागेल.