बो डिडली: ठेका त्याच्या नावाचा, कमाई दुसऱ्यांची

मनातल्या मनात सोळा मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११ व १३ या मात्रांवर टाळी द्या. लय जरा चढी ठेवा. दोन-तीन आवर्तनांत ओळख पटेल. बडी हॉलीचं १९५७ चं 'नॉट फेड अवे', जॉर्ज मायकलचं १९८७ चं 'फेथ', यू-टूचं १९८८ चं 'डिझायर'... काळ वेगळे, गायक वेगळे, पण अंगात भिनतो तो ठेका एकच. बो डिडली या अमेरिकन गायक-गिटारवादकाच्या नावावरून पाश्चात्त्य वादक त्याला सरळ 'बो डिडली बीट' म्हणतात. एखाद्या ठेक्याला माणसाच्या हयातीतच त्याचं नाव पडावं, असा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो. पण या गाण्यांच्या कमाईत त्या ठेक्यापोटी बो डिडलीचा छदामही नव्हता. अमेरिकेचा कॉपीराइट कायदा गाण्याच्या शब्दांना आणि चालीला संरक्षण देतो, नुसत्या ठेक्यावर मात्र कुणाचीच मालकी मानत नाही. या माणसाचं आयुष्य समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

तो ठेका त्याने शून्यातून निर्माण केला असं कुणी म्हणत नाही. त्याची मुळं आफ्रिकेत आहेत. क्यूबात हाच आकृतिबंध दोन लाकडी दांडक्यांवर वाजतो, त्याला क्लावे म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेत त्याची वाट वेगळी होती. १७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ते ढोल वाजवत निघाले होते. दुसऱ्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगायला बंदी केली. ढोल गेले, हात राहिले. मांड्या, छाती, गाल यांच्यावर थापा मारून ताल धरायची रीत रुजली. तिला 'जूबा' म्हणत, पुढे 'हॅम्बोन' हे नाव पडलं. शिकागोच्या रस्त्यावरची कृष्णवर्णीय पोरं विसाव्या शतकातही हॅम्बोन खेळत होती. १९५२ मध्ये रेड सॉन्डर्स या ड्रमवादकाने अशाच पोरांना घेऊन त्याची रेकॉर्डही काढली. म्हणजे बो डिडली स्टुडिओत शिरला तेव्हा हा ठेका हवेत होताच. स्वतः त्याने मात्र त्याचा उगम वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा सांगितला. कधी चर्चमधल्या गाण्याचा हवाला दिला, कधी जीन ऑट्रीचं एक काउबॉय गाणं वाजवता वाजवता हाताला हे लागलं म्हणाला. मला त्यात विसंगती वाटत नाही. इतकं जुनं काही हातात येतं तेव्हा ते एकाच वाटेने येत नाही.

त्याचा जन्म ३० डिसेंबर १९२८ चा, मिसिसिपीतल्या मॅककोम्ब गावचा. नाव इलास ओथा बेट्स. आई अगदीच लहान वयाची होती, त्यामुळे तिची चुलत बहीण गसी मॅकडॅनियल हिने त्याला वाढवलं आणि तो इलास मॅकडॅनियल झाला. १९३०च्या दशकाच्या मध्यावर हे कुटुंब शिकागोच्या साउथ साइडला आलं. दक्षिणेतल्या मजुरीला आणि वर्णद्वेषाला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं त्या दशकांत उत्तरेकडच्या शहरांत येत होती, त्यातलंच हे एक.

तिथल्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्याने वर्षानुवर्षं व्हायोलिनची तालीम घेतली. त्याच्या चरित्रातला हा भाग माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. बाराव्या वर्षाच्या सुमारास बहिणीने गिटार दिली, पण उजवा हात व्हायोलिनच्या गजाला सरावलेला. गज तारांवर पुढे-मागे घासतो, तसाच तो पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, गिटारच्या सगळ्या तारांवर आडवा फिरवायचा. डाव्या हाताने तारा अर्धवट दाबून ठेवायच्या, म्हणजे सूर कमी आणि खरखर जास्त. एकेक सूर वेचून वाजवणारे गिटारवाले शिकागोत ढिगाने होते. गिटारला तालवाद्य करणारा हाच.

हात कारागिराचे होते. फॉस्टर व्होकेशनल स्कूलमध्ये तो व्हायोलिन आणि गिटार बनवायला शिकला. पुढे त्याची ओळख बनलेली चौकोनी गिटार, सिगारच्या पेटीसारखी, ही कल्पना त्याची स्वतःची. १९५८ मध्ये ग्रेच कंपनीने त्याच्यासाठी तशी गिटार घडवून दिली. कारण तो सांगायचा ते व्यवहारी होतं: मंचावर उड्या मारताना मोठ्या पोटाची गिटार भलत्या जागी लागायची, म्हणून अंग कमी केलं. आवाज थरथरवण्यासाठी त्याने आधी भंगारातल्या भागांतून घरीच यंत्र जुळवलं, नंतर डीआर्मंड कंपनीचा ट्रेमोलो वापरला. हा ट्रेमोलो आतून पाहण्यासारखा आहे. एका छोट्या डबीत वीज वाहून नेणारं द्रव असतं, मोटर ती डबी हलवत राहते. द्रव हिंदकळून आतल्या पट्टीला लागलं की गिटारचा आवाज दबतो, सुटलं की पुन्हा वर येतो. बो डिडलीची कमाल अशी की त्या हिंदकळण्याचा वेग त्याने गाण्याच्या लयीशी जमवला. म्हणून त्याच्या एका गिटारमधून दोन वाजल्याचा भास होतो.

मॅक्सवेल स्ट्रीटचा रविवारचा बाजार ही या मंडळींची शाळा. दुकानदाराकडून वीज घ्यायची, फुटपाथवर अँप्लिफायर मांडायचा आणि समोर ठेवलेल्या टोपीत पडतील ती नाणी वाटून घ्यायची. १९५१ च्या सुमारास तो साउथ साइडच्या ७०८ क्लबमध्ये नियमित वाजवू लागला. दिवसा सुतारकाम आणि अंगमेहनतीची इतर कामं चालूच होती. जेरोम ग्रीन हा मित्र माराकस, म्हणजे खुळखुळे, वाजवायचा. आपल्याला खुळखुळे म्हटल्यावर लहान मुलाचं खेळणं आठवतं, पण जेरोमचे खुळखुळे या संगीताचा अर्धा प्राण आहेत. ते काढून टाकले तर ठेका लंगडा पडतो.

२ मार्च १९५५. चेस बंधूंच्या चेकर या रेकॉर्ड कंपनीसाठी शिकागोत ध्वनिमुद्रण झालं. गाण्याचं मूळ नाव 'अंकल जॉन' होतं आणि शब्द बरेच चावट होते. हे रेडिओवर चालायचं नाही म्हणून लेनर्ड चेसने ते बदलायला लावले. नव्या शब्दांत गायकाचंच नाव गुंफलं गेलं आणि गाणंही 'बो डिडली' झालं. हे नाव नक्की कुठून आलं यावर मतभेद आहेत. कुणी म्हणतं, तो मुष्टियुद्ध खेळायचा त्या दिवसांतलं टोपणनाव. कुणी दक्षिणेत भिंतीला एकच तार ताणून वाजवतात त्या 'डिडली बो'कडे बोट दाखवतं. हार्मोनिकावादक बिली बॉय अर्नोल्डच्या मते ते खुद्द अर्नोल्डनेच सुचवलं. पण स्वतःचंच नाव घेत गायचं, ही तऱ्हा मात्र त्याने आयुष्यभर जपली.

त्या रेकॉर्डमध्ये नवल कशाचं, तर ती जवळजवळ एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांच्या एकाच जुडग्यावर, उभी आहे. ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गानप्रकाराचा त्या काळचा नेम बारा मापांच्या आवर्तनाचा आणि तीन कॉर्डचा. श्रोत्याला पुढे काय येणार ते ठाऊक असायचं. इथे सूर पुढे सरकतच नाही, सगळा ओघ ठेक्याचा. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला 'आय अॅम अ मॅन' होतं: चार ठोके, थांबा, एक ओळ, पुन्हा चार ठोके. प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषालाही गोरे लोक 'बॉय' म्हणून हाक मारत, त्या देशात १९५५ मध्ये एक कृष्णवर्णीय गायक 'मी पुरुष आहे' असं एकेक अक्षर सुटं करून म्हणत होता. त्याच वर्षी मडी वॉटर्स या शिकागोच्या ब्लूज गायकाने 'मॅनिश बॉय'मधून त्याला जवाब दिला. रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत बो डिडलीची ही रेकॉर्ड पहिल्या क्रमांकावर गेली.

२० नोव्हेंबर १९५५ ला एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात त्याला बोलावणं आलं. देशभर पाहिला जाणारा कार्यक्रम. 'सिक्स्टीन टन्स' हे तेव्हाचं गाजलेलं गाणं तो गुणगुणताना तिथल्या मंडळींनी ऐकलं आणि तेच गा म्हणून सांगितलं. कॅमेरा सुरू झाला आणि त्याने आपलं 'बो डिडली' वाजवलं. नंतर तो म्हणायचा, फळ्यावर आपलं नाव आणि त्या गाण्याचं नाव दोन्ही लिहिलेलं दिसलं, दोन्ही म्हणायची असतील असं वाटलं. सलिव्हन भडकला, आणि त्या कार्यक्रमाचं दार त्याला पुन्हा उघडलं नाही. गैरसमज असो की हट्ट, मला तो निर्णय बरोबरच वाटतो. 'सिक्स्टीन टन्स' कुणीही गाऊ शकत होतं.

हिशेबाचा मामला मात्र तेव्हापासूनच बिघडला. चेसच्या कलावंतांच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क आर्क म्युझिक या कंपनीकडे असत, आणि तिच्यात चेस बंधूंचीच भागीदारी होती. रॉयल्टीच्या नावाने आपल्या हाती काहीच पडलं नाही, ही तक्रार बो डिडलीने पुढे अनेक मुलाखतींत केली. हे टाळायला त्याने एक युक्ती करून पाहिली. 'लव्ह इज स्ट्रेंज' या गाण्यावर त्याने पत्नी एथेल स्मिथचं नाव घातलं. मिकी आणि सिल्व्हिया या जोडीने ते १९५६ च्या अखेरीस गाजवलं. पण त्यातली गिटारची धून जोडी विल्यम्स नावाच्या गिटारवादकाची होती, त्यामुळे ते प्रकरण कोर्टात गेलं. इतरांनी आपलं उचललं म्हणणाऱ्याच्या गाण्यातही दुसऱ्याचा हात निघावा, हे त्या काळच्या संगीतव्यवहाराचं खरं चित्र आहे. धून फुटपाथवर जन्मायची आणि जो आधी कागद भरेल त्याची व्हायची.

त्याच्या बँडमधल्या स्त्रियांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये अपोलो थिएटरपाशी त्याला गिटार घेऊन जाणारी एक किशोरवयीन मुलगी भेटली: पेगी जोन्स. १९५७ मध्ये ती बँडमध्ये आली. त्या काळी स्त्रीने मंचावर यायचं ते गायला किंवा नाचायला. पेगी मुख्य गिटार वाजवत होती, आणि लोक तिला 'लेडी बो' म्हणू लागले. स्वतःचा बँड चालवायला ती बाहेर पडली तेव्हा १९६२ मध्ये नॉर्मा-जीन वॉफर्ड आली. तिचं नाव 'द डचेस'. दौऱ्यात कुणी तिला त्रास देऊ नये म्हणून तो ती आपली बहीण असल्याचं सांगे. ठेकेवाला म्हणून त्याचं नाव घेणाऱ्यांनी हेही सांगायला हवं की इतक्या आधी विजेची गिटार स्त्रीच्या हाती देऊन तिला आपल्या बरोबरीने मंचावर उभी करणारा बडा कलावंत दुसरा सहज सापडत नाही.

१९५० चं दशक संपता संपता तो वॉशिंग्टन शहरात राहायला गेला आणि घराच्या तळघरात स्टुडिओ थाटला. मार्कीज नावाच्या स्थानिक गायकगटाला त्याने हात दिला. त्यातला एक पोरगा म्हणजे पुढे गाजलेला गायक मार्विन गे. १९५९ मध्ये 'से मॅन' आलं. त्यात तो आणि जेरोम ठेक्यावर एकमेकांची यथेच्छ खेचतात. पॉपच्या यादीत पहिल्या विसात पोचलेलं त्याचं हे एकच गाणं.

खरी दाद समुद्रापलीकडून आली. १९६३ च्या शरद ऋतूत तो एव्हर्ली बंधू या अमेरिकन गायकजोडीबरोबर ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. त्याच दौऱ्यात रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचे नवखे पोरगे होते. बो डिडलीच्या देखत त्याचीच गाणी म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून त्यांनी ती कार्यक्रमातून वगळली. पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी 'नॉट फेड अवे' काढलं आणि ते ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं. गाणं बडी हॉलीचं, ठेका अर्थातच कुणाचा ते सांगायला नको. 'प्रिटी थिंग्ज' या बँडने तर त्याच्या गाण्यावरून नावच घेतलं. अमेरिकेत मात्र याच ब्रिटिश बँडच्या लाटेत तो मागे पडला.

१९७० च्या दशकात तो न्यू मेक्सिकोत लॉस लुनासला राहत होता. तिथे त्याने अडीचेक वर्षं डेप्युटी शेरीफचं काम केलं आणि गस्तीसाठी पोलिसांना गाड्याही घेऊन दिल्या. १९७९ मध्ये क्लॅश हा ब्रिटिश पंक बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर आला, तेव्हा आपल्या आधी त्याने वाजवावं असा आग्रह त्यांनी धरला. १९८७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, १९९८ मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव. मान मिळत गेले, पण पोट दौऱ्यांवरच चालत होतं. मी दार उघडलं, सगळे आत पळाले आणि मूठ तेवढी माझ्या हातात राहिली, अशा अर्थाचं तो बोलायचा. मे २००७ मध्ये आयोवातल्या कार्यक्रमानंतर त्याला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा तो ७८ वर्षांचा होता. २ जून २००८ ला फ्लोरिडातल्या आर्चर इथल्या घरी त्याचं निधन झालं.

ऐकायला सुरुवात करायची तर १९५५ चं 'बो डिडली' आधी लावा. मग १९५७ चं 'मोना' आणि त्यानंतर रोलिंग स्टोन्सचं 'नॉट फेड अवे'. हेडफोन लावून पहिल्या खेपेला फक्त जेरोमच्या खुळखुळ्यांकडे लक्ष द्या, दुसऱ्या खेपेला गिटारच्या थरथरीकडे. गाण्याच्या शब्दांकडे तिसऱ्या खेपेला वळलात तरी चालेल.